भिंगरीचा घास

शके सतराशे ब्याण्णव. भाद्रपदाचा कृष्णपक्ष. पाऊस ओसरला होता, पण सह्याद्रीच्या माथ्यावरचे धुके अजून हटले नव्हते. त्या दिवसांत एका घाटाच्या तोंडाशी एक वृद्ध राहत होता आणि त्याच्यापाशी एक शिष्य होता.

घाटाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. ती वाट आता मोडली आहे. तेव्हा मात्र कोकण आणि देश यांच्यामधली सारी ये-जा त्याच वाटेने होई. खालून मीठ आणि बंदरावरचे कापड वर येई, वरून गूळ आणि तंबाखू खाली जाई. माथ्यावर एक दगडी धर्मशाळा होती. वृद्ध ती राखत असे.

त्याच्यापाशी विद्या एकच होती. तो कुत्र्यांना हरवलेली माणसे शोधायला शिकवी.

ही विद्या त्याच्या गुरूला एका धनगरामुळे मिळाली होती. धनगराचा कुत्रा चुकलेले कोकरू हुडकून आणायचा. एका पावसाळ्यात दरड कोसळली आणि धनगराची म्हातारी आई खाली गाडली गेली. माणसे वरच्या अंगाला उकरत होती. कुत्रा खालच्या अंगाला उकरत होता. माणसांनी त्याला हाकलले. तो परत आला. पुन्हा हाकलले, पुन्हा आला. शेवटी एकाने तो उकरत होता तिथे मातीला कान लावला. आतून कण्हणे ऐकू आले. म्हातारी जिवंत निघाली आणि पुढे नातवंडांची लग्ने पाहून गेली. गुरू तिथे उभा होता. त्याने मनाशी म्हटले, कुत्रा हे आपण होऊन करतो, तर शिकवून किती करील. तेव्हापासून त्या माथ्यावर कुत्री वाढू लागली. एकीची पिल्ले, मग त्या पिल्लांची पिल्ले.

आजही दरड आली किंवा इमारत पडली की वर्दीतली माणसे कुत्री घेऊन येतात. बातम्यांत आपण ती पाहतो. ढिगाऱ्यावर कुत्रे थांबते, भुंकते आणि तिथे खणतात. त्या कुत्र्यांना आज जे शिकवतात आणि हा वृद्ध तेव्हा जे शिकवी, त्यात फारसे अंतर नाही.

शिकवणे सोपे होते. पिल्लाचा जीव ज्याच्यावर, त्याने हातात भाकरीचा तुकडा घेऊन पळायचे आणि कारवीच्या झुडपामागे लपायचे. पिल्लू पाहत असते. ते धावत जाते, माणूस सापडतो, भाकरी मिळते. पिल्लाला हा खेळ वाटतो. मग त्याच्या नकळत लपायचे. मग लांब लपायचे. मग ओळखीच्याने नाही, परक्याने लपायचे. हळूहळू पिल्लू डोळ्यांचा भरवसा सोडते आणि नाक वर करते. नाक जमिनीला लावायचे नाही, वाऱ्याला लावायचे. माणूस बसला असेल तिथून त्याचा वास धुरासारखा निघतो आणि वाऱ्याबरोबर वाहतो. कुत्रे त्या धुराचे टोक पकडते आणि मुळाशी जाते. माणूस सापडला की जागा सोडायची नाही. समोर बसून भुंकत राहायचे, मागची माणसे येईपर्यंत.

आणि नियम एकच. शेवटचा घास सापडलेल्याने द्यायचा. आपल्या हाताने.

शिष्य नवा होता तेव्हा त्याने विचारले होते, "मी दिला तर काय होईल? कुत्री माझ्याच हाताखालची आहे."

"तू सापडलास का?" वृद्धाने विचारले.

"नाही."

"मग गप बस."

त्यामुळे शोधाला निघताना शिष्य कमरेला भाकरीचा तुकडा बांधून घेई. माणूस सापडला की तो तुकडा आधी त्याच्या हातात देई आणि मगच पाणी. सापडलेला बेशुद्ध असला तर तुकडा त्याच्या तळहातावर ठेवायचा आणि कुत्रीने तिथून घ्यायचा. सापडलेला जिवंत नसला तर त्याच्या घरच्याने द्यायचा. घाटातल्या लोकांना हे ठाऊक होते. कोणी हसत नसे. गरोदर बाईने दिला होता, सरकारी चाकराने दिला होता, एका चोरानेही दिला होता.

त्या वर्षी कामाची कुत्री एकच होती. तिचे नाव भिंगरी. तिची आई म्हातारी होऊन चुलीशी पडून असे आणि तिचे नाक गेले होते. भिंगरी काळी होती. एक कान उभा, एक पडका. घरात ती कमालीची उपद्रवी होती. वृद्धाची वहाण पळवून ती रोज नव्या जागी नेऊन ठेवी. वृद्ध तिला अवदसा म्हणे. शिष्याने एकदा वहाण उंच खुंटीवर टांगून ठेवली, तर वृद्धाने ती काढून परत उंबऱ्याशी ठेवली.

"घेऊन जाईल ती," शिष्य म्हणाला.

"जाऊ दे. तिलाही काही काम पाहिजे," वृद्ध म्हणाला.

थंडी वाढली की स्वतःची घोंगडी तो तिच्या अंगावर टाकी. शिष्याने पाहिले तर म्हणे, घसरली असेल.

त्या भाद्रपदात एक कापडाचा व्यापारी बंदरावरून दसऱ्याचा माल घेऊन वर येत होता. देशावरच्या एका पेठेत त्याचे मोठे दुकान होते. माल बैलांच्या पाठीवर होता. बैल हळू चालत होते. व्यापाऱ्याला घाई होती. तांड्याचा नाईक म्हणाला, शेठ, धुके आहे, बरोबर चला. व्यापारी म्हणाला, या घाटात माझा आजा आला, बाप आला, मला वाट दाखवू नकोस. आणि तो एकटा आडवाटेने पुढे गेला.

तांडा दुपारी धर्मशाळेशी पोहोचला. व्यापारी पोहोचला नव्हता.

नाईकाने सांगितले तसे वृद्धाने शिष्याला उठवले. शिष्याने भाकरीचा तुकडा कमरेला बांधला, दोर खांद्यावर टाकला आणि भिंगरीला मोकळे सोडले. "हुडक," तो म्हणाला. कामाचा शब्द तेवढाच होता.

वारा कोकणातून वर चढत होता. भिंगरी कड्याच्या कडेकडेने गेली, थांबली, मागे फिरली, पुन्हा पुढे गेली. धुक्यात ती दिसत नव्हती. शिष्य तिच्या गळ्यातल्या घुंगराच्या मागे चालत होता. दिवस कलायच्या बेताला घुंगूर थांबले आणि भुंकणे सुरू झाले.

कड्याच्या पोटात एक अरुंद कपार होती. तिच्यात व्यापारी बसला होता. एका हाताने त्याने उंबराचे मूळ धरले होते. खाली दरी होती. त्याच्या एका पायात जोडा नव्हता. घसा पार बसला होता. भिंगरी त्याच्या समोर, हातभर अंतरावर बसून भुंकत होती आणि शेपटीने दगड झाडत होती.

शिष्याने दोर सोडला.

"एवढा वेळ?" व्यापारी म्हणाला.

"शेठ, दोर काखेखालून घ्या."

"घेतो. आणि हे बघ, मी काही हरवलो नव्हतो. धुकं निवळायची वाट बघत बसलो होतो."

"एका जोड्यानं?"

"दुसरा काढून ठेवलाय."

"कुठे?"

व्यापाऱ्याने खाली दरीत पाहिले.

वर आल्यावर शिष्याने कमरेचा तुकडा सोडला आणि त्याच्या हातापुढे धरला. "शेठ, हा हिला द्या. तुमच्या हातानं."

"कशाला?"

"हिनं तुम्हाला शोधलं."

"शोधलं? हरवलाच नाही त्याला शोधणार कसं?" व्यापाऱ्याने दोन्ही हात मागे बांधले. "तूच टाक."

भिंगरी त्याच्या पायांशी बसली. मान वर, शेपटी जोरात. व्यापारी तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहत राहिला. शेपटी मंदावली. मग थांबली.

धर्मशाळेत अंग शेकून झाल्यावर वृद्ध म्हणाला, "शेठ, घास राहिला."

"म्हातारबा, मी तुमच्या या छपरावर नवी कौलं घालून देतो. त्या कुत्रीचं काय घेऊन बसलात?"

"कौलं नकोत."

"गळतंय की."

"गळू दे. घास द्या."

"तुम्हाला कळत नाही," व्यापारी म्हणाला. "मी पेठेत चार माणसांत बसणारा माणूस. उद्या बोभाटा होईल, शेठला कुत्रीनं हुडकून आणला. जन्मभर ऐकावं लागेल. कौलं घालतो, वर ओटा बांधून देतो. ती गोष्ट पुन्हा माझ्यापुढे काढू नका."

सकाळी तो बैलांबरोबर निघून गेला. वृद्धाने त्याला थांबवले नाही.

त्याच दिवशी भिंगरी नाहीशी झाली. शिष्याने शोधले तर ती त्या कपारीत बसलेली होती. रिकाम्या दगडाकडे तोंड करून भुंकत होती. शिष्याने तिला उचलून आणले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. मग तो नित्यनेम झाला. सकाळी जायची, दगड हुंगायची, वारा हुंगायची, कड्याच्या काठाने पुढे-मागे फिरायची आणि अंधार पडता परत यायची. पंजे सोलवटले. ताटलीतले अर्धे अन्न तसेच राही. वृद्धाची वहाण उंबऱ्याशी पडून राही, तिला कोणी हात लावत नसे.

शिष्याला ते पाहवेना. त्याने एक युक्ती केली. खालच्या वाडीतल्या एका ओळखीच्या माणसाला त्याने शेल्यात गुंडाळून, डोक्याला पागोटे बांधून कपारीत नेऊन बसवले आणि हातात भाकरी दिली. भिंगरी आली. तिने त्याचा हात हुंगला आणि पाठ फिरवली. तो माणूस भाकरी घेऊन तसाच बसला.

"कुणाला फसवतोस?" वृद्ध म्हणाला. "नाकाला?"

पुढे दोन दिवसांनी एक कुंभारीण बाजारातून परतताना वाट चुकली. तिचा नवरा धावत धर्मशाळेत आला. शिष्याने भिंगरीला सोडले, हुडक म्हटले. ती निघाली आणि थेट त्या कपारीकडे गेली. शिष्याने तिला तीनदा वळवले. तीनदा ती तिकडेच गेली. शेवटी गावची माणसे गोळा करून हाका मारत रान पालथे घातले. कुंभारीण दुसऱ्या दिवशी एका ओढ्यात सापडली. पाय मोडला होता, अंग गार पडले होते. वाचली, पण थोडक्यात.

नवरा वृद्धाच्या पाया पडायला वाकला. वृद्धाने पाय मागे घेतले.

"आज पडू नकोस," तो म्हणाला. "आज आम्ही उशिरा आलो."

त्या रात्री शिष्य जेवला नाही. भिंगरी अशीच राहिली तर एखाद्या दिवशी कपारीवरून खाली जाणार, हे त्याला दिसत होते. आणि तोवर घाटात जो चुकेल त्याला वाली नव्हता.

सकाळी उठून पाहतो तो वृद्ध कोयता घेऊन बोरीच्या काट्या तोडत होता. त्याने काट्या ओढून आणल्या आणि घाटाच्या तोंडावर आडव्या टाकल्या. मग एका गुराख्याबरोबर खालच्या गावी निरोप धाडला, की घाट बंद आहे, माणसे वर सोडू नका.

शिष्य पाहतच राहिला. ते दिवस दसऱ्याच्या मालाचे होते. वर्षाची निम्मी वाहतूक त्या महिन्यात होई. घाट बंद करायची वेळ दरडीतही क्वचित आली होती.

इतक्यात देशावरून गुळाचे बैल घेऊन एक लमाण आला. काट्या पाहून त्याचा पारा चढला.

"दरड आली का?"

"नाही," वृद्ध म्हणाला.

"वाघ आहे?"

"नाही."

"मग बंद का?"

"कुत्री कामात आहे. तिचं काम संपलं की घाट उघडेल."

"कुणाला शोधतेय?"

"कापडाच्या शेठला."

लमाण हसला. "अहो, तो तर केव्हाच घरी पोचला. मी पेठेत पाहिला त्याला. गादीवर बसून सुपारी कातरत होता."

"ते तिला कोणी सांगितलं नाही," वृद्ध म्हणाला.

त्याने वहाणा पायात घातल्या, काठी घेतली, भिंगरीच्या गळ्यात दोर घातला आणि पेठेच्या वाटेला लागला. शिष्य मागे धावला. वृद्धाने कित्येक वर्षांत माथा सोडला नव्हता.

बरीच वाट मागे पडली. मग शिष्याला राहवेना.

"बाबा, माणूस धाडून शेठला वर बोलावून घेतलं असतं. तुमचे गुडघे दुखतात."

"बोलावलेला माणूस सापडलेला नसतो," वृद्ध म्हणाला. "तिनं शोधायला पाहिजे."

"आणि त्यानं पुन्हा नाही म्हटलं तर?"

एका ओहोळाशी वृद्ध थांबला, ओंजळीत पाणी घेतले आणि भिंगरीच्या तोंडाशी धरले. ती ते प्यायली. मग त्याने तिचे पंजे एकेक करून धुतले. "चल गं अवदसे," तो म्हणाला.

बाजाराचा दिवस होता. पेठेच्या तोंडाशी वृद्धाने दोर सोडला. "भिंगरे, हुडक."

तिथे गुळाचा वास होता, मिरचीचा होता, बैलांचा होता, शेकडो माणसांचा होता. भिंगरी क्षणभर गोंधळली. एका गाडीखाली शिरली, बाहेर आली. मग तिने नाक वर केले. दोन्ही कान, पडका सुद्धा, पुढे झाले. ती सुटली. माणसांच्या पायांतून, पाट्यांवरून, तागड्यांमधून ती सरळ गेली आणि कापडाच्या एका दुकानासमोर बसून भुंकू लागली.

व्यापारी गादीवर बसून गजाने कापड मोजत होता. त्याचा हात तसाच राहिला.

समोरच्या तांबोळ्याने पानाला चुना लावता लावता आवाज दिला. "शेठ, गिऱ्हाईक आलंय. धोतरजोडी दाखवा."

चार माणसे हसली. आणखी चार थांबली.

"ही तर घाटावरची माणसं शोधणारी कुत्री," एक जण म्हणाला. "माझ्या मेव्हण्याला हिनंच काढलं होतं."

"मग शेठपुढे का बसलीय?" तांबोळी म्हणाला. "शेठ तर धुक्यातून एकटे आले. वाटेत वाघ भेटला, त्यालाच वाट विचारली म्हणे."

"वाघानं नीट सांगितली नसेल."

हशा झाला. व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला. "हाकला हिला," तो गड्याला म्हणाला. "कुणाची कुत्री आहे कुणास ठाऊक. मी ओळखत नाही."

गड्याने काठी उगारली. शिष्य पुढे झेपावला. वृद्धाने त्याचे मनगट धरले आणि सोडले नाही. गड्याचा हात कुत्रीकडे पाहून आपोआप खाली आला.

भिंगरी उठली. तिने व्यापाऱ्याकडे एकदा पाहिले. मग ती वळली आणि पुन्हा शोधू लागली. शेजारच्या दुकानात गेली, तिथल्या माणसाचा हात हुंगला. पुढच्या दुकानात गेली. भाजीवाल्याचा हात, हमालाचा हात, एका आंधळ्या भिकाऱ्याचा हात. प्रत्येकापाशी थोडी थांबे आणि पुढे जाई. सोललेल्या पंजाने ती जरा लंगडत होती. तिने सगळी पेठ फिरून पाहिली. लोकांचे हसणे हळूहळू बंद झाले. एक म्हातारी म्हणाली, "काय हरवलंय गं बाई तुझं?"

फिरून फिरून भिंगरी वाऱ्याचा माग काढत परत आली ती त्याच दुकानापाशी. त्याच जागी बसली. या खेपेस ती भुंकली नाही.

"चला बाबा," शिष्य म्हणाला. "या माणसाच्यानं होणार नाही."

वृद्ध दुकानाच्या पायरीशी गेला. तो मोठ्याने बोलला नाही. पण पेठ गप्प होती म्हणून सगळ्यांना ऐकू गेले.

"लोकांना वाटतं ही भाकरीसाठी शोधते. भाकरी हिला माझ्या घरी रोज मिळते. हिला एवढंच ठाऊक आहे, की शोधाच्या शेवटी एक माणूस असतो आणि हिला पाहून त्याला बरं वाटतं. तो घास देतो, तेव्हा हिला कळतं, हाच तो. तो देत नाही, तेव्हा ही त्याला दोष देत नाही. हिला वाटतं, आपणच चुकलो. हा तो नव्हे. खरा हरवलेला अजून तिथेच धुक्यात बसलाय. म्हणून ही रोज त्याला आणायला जाते." त्याने व्यापाऱ्याकडे पाहिले. "शेठ, तुमची लाज मला समजते. पण सापडलेला माणूस सापडलो म्हणत नाही, तोवर शोध संपत नाही. हिचाही नाही आणि त्याचाही नाही."

व्यापारी गजाकडे पाहत बसला.

दुकानामागेच त्याचे घर होते. मधल्या दाराशी त्याची बायको येऊन उभी राहिली होती. तिने सगळे ऐकले होते. ती पदर सावरून दोन पावले पुढे आली आणि नवऱ्याच्या पाठीशी उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, घाटातून आल्यापासून रोज पहाटे झोपेत हाका मारता. 'इकडे, मी इकडे आहे.' मी हलवून उठवते. तुम्ही म्हणता, स्वप्न होतं, नीज. कुणाला हाक मारता हो?"

व्यापाऱ्याने मोजायचे कापड मांडीवर ओढून घेतले.

"मी कुणाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला विचारते."

ती आत गेली आणि तव्यावरची भाकरी घेऊन आली. ती तिने त्याच्या मांडीवर, मोजायच्या कापडावरच ठेवली.

व्यापाऱ्याने गज बाजूला ठेवला. तो गादीवरून उतरला, पायऱ्या उतरला आणि रस्त्यावर, धुळीत, भिंगरीच्या समोर खाली बसला. इतक्या जवळून त्याला ती मोठी वाटली. त्याचा हात मागे सरला.

"चावेल का?" त्याने शिष्याला विचारले.

"नाही, शेठ."

"लहानपणी एक चावलं होतं. तेव्हापासून..." मग तो कुत्रीकडेच पाहून बोलू लागला. "फार हाका मारल्या मी त्या दिवशी. घसा बसला तरी मारत होतो. कोणी आलं नाही. मूळ सुटत चाललं होतं. मग धुक्यातून काहीतरी काळं आलं. मला वाटलं, लांडगा. म्हटलं, संपलं. आणि ही समोर येऊन बसली. शेपटी हलवत." "इतकं बरं वाटलं मला, की तेच कुणाला कळू नये असं वाटलं."

तांबोळ्याने मान खाली घातली आणि तो पाने पुसत राहिला.

"हरवलो होतो मी," व्यापारी म्हणाला. तो पेठेला सांगत नव्हता. भिंगरीला सांगत होता. "तूच शोधलंस."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तळहातावर ठेवून पुढे केला. भिंगरीने तो हात हुंगला. बोटे, तळवा, मनगट, सगळे सावकाश हुंगून झाले. मग तिची शेपटी धूळ झाडू लागली.

तिने घास घेतला.